खुराड्याचा पैसा

आमच्या वऱ्हाडात घरात पैसा यायच्या वाटा दोन. पहिली कापसाची. ती वर्षातून एकदाच उघडायची, आणि आलेला पैसा दुकानदाराची उधारी, सावकार, पोरीचं लग्न यातच जिरून जायचा. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी आली, मग तर चुकारे हप्त्याहप्त्याने यायला लागले. हा पैसा बाप्यांचा.

दुसरी वाट खुराड्याची. चार अंडी, एखादी तलंग, सणाच्या तोंडावर विकलेला कोंबडा. हा पैसा कुठल्याच वहीत चढला नाही. तो बाईच्या पदराच्या गाठीत नाहीतर चुलीमागच्या गाडग्यात असायचा. पोराची पाटी, बांगड्या, माहेरी जायचं एसटीचं तिकीट, सगळं त्यातून निघायचं. (माळकऱ्यांच्या घरी अर्थात खुराडंच नसायचं, त्यामुळे गाडगंही नसायचं!)

आता जरा मागे जाऊ. कोंबडी माणसाकडे आली ती दाण्याच्या मागे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची खात्रीलायक अशी सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० च्या दरम्यानची. भात आणि बारीक धान्यं पिकायला लागली, तसे लाल रानकोंबडे वस्तीजवळ घुटमळायला लागले. पण कोंबडीची पिवळी कातडी मात्र आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याकडून आली, हे २००८ साली जनुकांवरून कळलं. तो राखी रानकोंबडा आमच्या मेळघाटातही आहे. म्हणजे तशी सोयरीकच म्हणायची.

मंडळी, खुराड्याचं शेड कसं झालं, याचीही एक गोष्ट आहे. १९२३ साल. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सिसिल स्टील नावाच्या बाईने अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली. आली ५००! तिने ती परत न पाठवता वाढवली आणि त्यातली ३८७ मांसासाठी विकली, पौंडाला ६२ सेंट भावाने. तीन वर्षांत तिच्याकडे १०,००० पक्ष्यांची सोय झाली. नवरा तटरक्षक दलाची नोकरी सोडून तिच्या धंद्यात आला. तिचं १६ फूट बाय १६ फुटांचं खुराडं त्या लोकांनी ऐतिहासिक वास्तू म्हणून जपून ठेवलंय. जगभरच्या ब्रॉयलर धंद्याच्या मुळाशी असं एका घरचं खुराडं आहे.

आपल्याकडे हे वळण सरकारी वाटेने आलं. डॉ. पंजाबराव देशमुख आमच्याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळचे. १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषी खातं सांभाळत होते. त्याच काळात, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, सरकारी कुक्कुट केंद्रं निघाली आणि लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड अशा विलायती जाती पसरायला लागल्या. पुढे १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांची व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी राहिली, १९८२ मध्ये अंडी समन्वय समिती आली, आणि कोंबडी हा कारखानदारीचा माल झाला. आज अमरावती-बडनेरा भागात लांबच लांब शेडं दिसतात. कराराने पाळायची पद्धत अशी की पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज आणि रात्रीची जाग आपली. मोबदला किलोमागे. यातून बरीच घरं सावरली, ते नाकारायचं कारण नाही. पण करार होतो तो शेताचा सातबारा ज्याच्या नावावर त्याच्याशी. गाडगं फुटलं ते इथे.

आमच्या घरी यंदा उन्हाळ्यात खुराडं बांधायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. माप चार फूट बाय सहा, बारा कोंबड्यांपुरतं. खाली दोन फुटांचे पाय. भिंतींना तुराट्यांचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण. ते काम आईचं. बाबांनी समोर बारीक जाळी ठोकली, कारण मुंगूस आणि बोका दोघंही टपलेले. वर टिन, आणि टिनावर पऱ्हाट्यांचा जाड थर, नाहीतर मे महिन्यात आत भट्टीच. पोरांनी बसायला आडवा बांबू लावला आणि अंड्यांच्या खोक्यात कुटार भरलं. सगळं होईपर्यंत चार दिवस गेले, भांडणं दोन झाली.

शेवटी दादा सहज म्हणाला, "अंडी मी अमरावतीले नेऊन विकत जाईन."

आईने लिंपणाचा हात तसाच वर केला. "न्याचं तर ने. पैसे सुनेच्या हातात द्याचे. मोजून."

वहिनीने शंभर पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर मानमोडीच्या लसीचा खर्च, दुसऱ्यावर मक्याच्या भरड्याचा. जमेची बाजू अजून कोरी आहे, तलंगा अंड्यावर यायला थोडा वेळ आहे.

असो. तुमच्याकडे खुराड्याचा पैसा कोणाजवळ असायचा? घरात आजी असेल तर एकदा विचारा. बहुतेक ती आधी इकडेतिकडे बघेल आणि मगच सांगेल.