हात एक, भाषा दोन



पेठच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला पोर अडते ते कुठे? 'हँड' म्हणजे हात, हे त्याला चटकन येते. घोटाळा पुढेच होतो. 'गिव्ह मी अ हँड' म्हटले की ते बिचारे आपला हात पुढे करते. अहो, बोलणारा मदत मागतो आहे! पण भाताच्या आवणीला आपणही हाक मारतोच ना, "जरा हात लावा हो"? मग हे बोलणे परके कसे?

असाच घोटाळा एकदा साहेबाचाही झाला होता, बरं का. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रज अंमलदारांना मराठी शिकण्याची गरज पडली. कंपनीच्या फौजेतले कॅप्टन मोल्सवर्थ यांनी पंडितांच्या मदतीने, आणि कँडी बंधूंना बरोबर घेऊन, मराठी-इंग्रजी कोश रचला. तो १८३१ साली मुंबईत छापला गेला. १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. त्यात 'हात' हा शब्द उघडून पाहा. एका अर्थाने भागले नाही. हाताचे वाक्प्रचार एकामागून एक नोंदवावे लागले. म्हणजे साहेबालाही आपला हात शब्दाशब्दाने नव्हे, वापराने शिकावा लागला. पुढे १८७८ साली पेठचे छोटे संस्थान खालसा झाले आणि इंग्रजांचा अंमल इथेही थेट आला.

आता दोन्ही हात शेजारी ठेवून पाहू. ज्याचे हातावर पोट, त्याच्या जगण्याला इंग्रज 'हँड टू माउथ' म्हणतो. आपला हातमाग तो 'हँडलूम'. हातापासून आपण 'हाताळणे' केले, त्यांनी 'हँडल'. इथवर जोडी जमली. पण 'हात धुणे' पाहा. आपण एखाद्याच्या हात धुऊन पाठीस लागतो. इंग्रज हात धुतो तो त्या गोष्टीशी संबंध सोडण्यासाठी. अगदी उलट! त्यांच्या बायबलात पिलात नावाचा सुभेदार, येशूच्या मृत्यूचा दोष आपल्यावर नको म्हणून, लोकांदेखत हात धुतो. त्या कथेतून हे बोलणे रूढ झाले.

आणखी एक. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत. त्यांचा 'हँड' मनगटाच्या पुढचा, वरचा तो 'आर्म'. म्हणून कोपरापाशी हात मोडला तर दवाखान्यात 'हँड' म्हणून चालणार नाही. मापातही तसेच. आपला हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे अठरा इंच. त्यांचा 'हँड' चार इंचांचा, आणि त्याने ते घोड्याची उंची मोजतात.

गुरुजी, २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. पाड्यावरच्या कित्येक मुलांची घरची बोली निराळी. शाळेत मराठी शिकायची, वर इंग्रजी. ते चुकले तर हसू नका. आधी विचारा, "तुझ्या घरी याला काय म्हणतात?" ते फळ्यावर लिहा, शेजारी मराठी, मग इंग्रजी. जिथे जुळते तिथे पोराला धीर येईल. जिथे जुळत नाही, तिथेच खरा धडा आहे.

मोल्सवर्थसाहेबाने आपल्या पंडितांना विचारूनच आपली भाषा शिकली. मग आपल्या पोराने विचारायला का लाजावे?