गंगारामच्या चहाला पहिला कोण धजला?

राजारामपुरीत एक मुलगा खोली बघायला गेला, सोबत चार मित्र. मालकाने आडनाव विचारले आणि 'खोली कालच गेली' म्हणाला. चौघांनाही खरे कारण कळले. चौघेही गप्प.

मित्रांनो, ही वसाहत शाहू महाराजांच्या मुलाच्या नावाची. म्हणून ती चहाची गोष्ट पुन्हा तपासू. राजवाड्याच्या पागेतले गंगाराम कांबळे राखीव हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या मदतीने त्यांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढले. महाराचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅशने एक प्रयोग केला. खोलीत एकच खरा उमेदवार, बाकी सगळे पढवलेले. रेषांची लांबी उघड दिसत असूनही साधारण तीनातले एक उत्तर चुकीच्या बहुमतामागे गेले. एक जण जरी खरे बोलला, तरी हे प्रमाण चौथाईवर येई. तोच सोबती उलटून बहुमताला मिळाला, की चुका पुन्हा वाढत.

आपल्यातले काही म्हणतात, महाराज म्हणजे तो सोबती. मला पटत नाही. सोबती बरोबरीचा असतो. राजाने दिलेला कप कोण नाकारणार? मन बदलले की हुकूम पाळला, हे कपावरून कळत नाही. बहुमताविरुद्ध पहिले उभे राहिले ते रिकाम्या बाकड्यांसमोर चूल पेटवणारे गंगाराम. गोष्ट सांगताना आपण त्यांना महाराजांच्या मागे उभे करतो.

महाडला राजा नव्हता. बोले ठराव १९२३ चा, नगरपालिकेने तळे १९२४ मध्ये खुले केले, तेही कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले. चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे हे सवर्ण सोबती होते, पण पाणी प्यायलेली ती हजारो माणसे आपली होती. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. म्हणजे सोबतीच उलटला! अ‍ॅशच्या हिशेबाने माणसे ढासळायला हवी होती. डिसेंबरात ती पुन्हा महाडला आली, आणि २५ तारखेला मनुस्मृती जळाली.

राजारामपुरीतला तो मुलगा आता रोज एसटीने ये-जा करतो. चौघांपैकी दोघे त्याच गल्लीत राहतात.