उसनवारीची फेज

वॉशिंग मशीन मुकाट बसली तर घाबरू नये. प्लग, वायर किंवा वायर कुरतडणारा उंदीर, यांपैकी कोणीतरी आरोपी निघतोच. पण ती नुसती 'हूंऽऽ' करू लागली आणि फिरायचे नाव घेईना, तर प्रकरण गंभीर. कर्ज मंजूर, सह्या झालेल्या, पण रोकड मात्र काउंटरवर येत नाही, तसा हा प्रकार. या 'हूं'चा अर्थ कळायला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

1821 साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडे याने पाऱ्यात लोंबणारी तार लोहचुंबकाभोवती फिरवून दाखवली. हा एकेकाळचा पुस्तकबांधणीचा उमेदवार. ती तार फिरली, जग थक्क झाले, पण तिने कोणाचा सदरा धुतला नाही. पुढे 1824 मध्ये पॅरिसला अरागो याला वेगळीच गंमत दिसली. तांब्याची तबकडी फिरवली की तिच्यावरची चुंबकसुई मागोमाग फिरते! तांब्याला चुंबक ओढत नाही, मग हे कसे? उत्तर 1831 मध्ये पुन्हा फॅरेडेनेच दिले. तबकडीत वीज उत्पन्न होते आणि तीच ओढते.

आता प्रश्न उरला, चुंबक हाताने फिरवायचा कुणी? 1885 मध्ये इटलीतल्या तुरीनला फेरारिस याने दोन वेटोळ्यांना थोडी मागेपुढे चालणारी वीज दिली आणि चुंबकशक्ती आपोआप गरगरू लागली. 1888 मध्ये निकोला टेस्लाने अमेरिकेत अशा मोटरीची पेटंटे घेतली. आपल्या आजीला हे जात्यावर ठाऊक होते. खुंटा एकाच रेषेत ढकलला-ओढला तर जाते नुसते डगमगते. बाजूने, जरा मागाहून, दुसरा हात लागला की पीठ पडते.

गोम इथेच आहे. आमच्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1983 साली सुरू झाला. आज त्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे. वीज निघते तीन फेजची. घरात मात्र सर्वसामान्य माणसाला मिळते एक फेज! म्हणजे हात एकच. दुसरा उसना आणतो तो कंडेन्सर. एका वेटोळ्याला वीज सरळ जाते, दुसऱ्याला कंडेन्सरमधून जाते आणि तिची वेळ सरकते. एकाच रकमेची दोन खात्यांत नोंद, तारखा मात्र वेगळ्या. आमचा ऑडिटर किंचाळला असता. मोटर खूष होते.

कंडेन्सर मेला की मोटर डगमगते, म्हणजेच गुणगुणते. उभ्या मोटरीत करंट भरमसाट जातो आणि ती तापते. म्हणून आधी प्लग काढायचा, संगीत ऐकत बसायचे नाही. दुसरा संशयित व्होल्टेज. उन्हाळ्यात ते रुपयाचे बारा आणे झाले तर मोटरीचा जोर नऊ आण्यांवर येतो, कारण तो वर्गाच्या हिशेबाने घटतो. कॉमर्सवाल्यालाही हे चक्रवाढीसारखे झोंबते.

आमची मशीन गुणगुणू लागली तेव्हा सौ.चे मनगट दुखावलेले होते. डॉक्टरांनी पिळायची बंदी केलेली, आणि घरात पाच माणसांचे कपडे. रिपेरवाला आला, दोन मिनिटे वाकला आणि म्हणाला, "मोटर गेली जी साहेब. वाइंडिंग करा लागते. अठराशे." त्याच्याकडून मोटर पिशवीत घालून मी मूलमार्गे गडचिरोलीच्या एस.टी.त बसलो. नोकरी तिकडे, आणि तिथला एक वाइंडिंगवाला ओळखीचा. कंडक्टरने पिशवी उचलून पाहिली आणि माझ्याकडे संशयाने बघितले.

दुकानात धानाच्या बांधीवरच्या पंपांच्या मोटरी रांगेत पडल्या होत्या. म्हातारबुवांनी मोटर हुंगली. जळका वास नाही. दांडा हाताने फिरवला, बेअरिंग मोकळे. मग मीटर लावले. तीन वायरींपैकी सामाईक वायरीपासून दोघींचा रोध सारखा, आणि त्या दोघींमधला दुप्पट. "दोघी बहिणी ठीक आहेत जी," ते म्हणाले. "मोटरीले काहीच नाही झालं. कंडेन्सर कुठं आहे?"

"मशिनीतच राहिला."

त्यांनी खणातला एक काढून जोडला. मोटर टेबलावर उडी मारून गरगरली.

"पंपाची एक फेज उडाली का असंच गुणगुणते," रांगेकडे बघत ते म्हणाले. "रात्रीची लाईन. शेतकरी घरी झोपला राहते. सकाळी मोटर जळली राहते, धान सुकून राहते. मंग येते आमच्याकडे. तुमची तरी दिवसा बिघडली."

कंडेन्सरचे सव्वाशे घेतले, तपासणीचे काही नाही. "ह्याले काय पैसे घेऊ जी?" जुना कंडेन्सर काढताना त्याच्या टोकांना आधी बल्ब लावा, वीज दडून बसली राहते, असे दोनदा बजावले.

बल्ब लावला. शनिवारी रात्री पहिला घाणा निघाला. सौ.ने पट्टा बांधलेल्या हाताने झाकण उघडून चादर बाहेर काढली, ती दोरीवर टाकायला मी धरली आणि तिने विचारले, "त्या म्हाताऱ्यांना चहा तरी पाजलात का?"