एका 'स'ची गोष्ट

नात पुण्याला अकरावीत गेली आणि तिने फ्रेंच विषय घेतला. दिवाळीच्या सुट्टीत शेवगावला आली ती वही घेऊनच. "आबा, तुम्ही जन्मभर पोरांकडून रूपे चालवून घेतलीत, आता माझी घ्या," म्हणाली. घेता घेता मीच शिकू लागलो. वय 74. गल्लीतले समवयस्क हसतात. पण लोकमान्य टिळक 1908 ते 1914 या काळात मंडालेच्या तुरुंगात होते, तेव्हा पन्नाशी उलटून गेली असताना ते जर्मन आणि फ्रेंच शिकले. ते आठवले की मला धीर येतो.

पहिलाच धडा सर्वनामांचा आणि क्रियापदांचा. 'पार्ले' म्हणजे बोलणे. ज पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, ते बोलतात. मी म्हणालो, "अगं, सहांपैकी चार ठिकाणी 'पार्ल'च आहे. यात चालवायचे काय?" ती म्हणाली, "ऐकायला सारखे, आबा. लिहायला वेगळे."

खरेच होते. 'त्यू'च्या रूपाला शेवटी एक 'स' लिहितात, पण उच्चारत नाहीत. शेवटचे प्रत्यय असे मुके झाले म्हणून फ्रेंचला सर्वनाम गाळता येत नाही. नुसते 'पार्ल' म्हटले तर बोलणारा मी, तू की तो, हे कळणार कसे? आपल्याकडे 'काय बोलतोस?' एवढे पुरते. 'तू' म्हणायची गरजच नाही. ते काम शेवटचा 'स' करतो.

गंमत अशी की हे दोन्ही 'स' एकाच घरातले आहेत. संस्कृतात 'तू आहेस'ला 'असि' आणि लॅटिनमध्ये 'एस'. या दोन्ही भाषा एका कुळातल्या. लॅटिनची लेक फ्रेंच. तिने तो 'स' कागदावर जपला आणि जिभेवरून घालवला. मराठीच्या जुन्या पोथ्यांत 'म्हणसी', 'जाणसी' अशी रूपे सापडतात. आजच्या 'आहेस' आणि 'बोलतोस'मध्ये तो 'स' अजून खणखणीत वाजतो.

मराठीच्या रूपांचा असा माग पहिल्यांदा नीट काढला तोही एका फ्रेंच माणसाने. झ्यूल ब्लॉक हे त्यांचे नाव. मराठीच्या घडणीवरचा त्यांचा ग्रंथ 1920 साली पॅरिसमध्ये निघाला आणि पुढे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. ज्या जुन्या मराठीचा त्यांनी अभ्यास केला, तिचा मोठा ठेवा म्हणजे ज्ञानेश्वरी. ती शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला सांगितली गेली. नेवासे आमच्या शेजारचाच तालुका. पॅरिसचा माणूस आमच्या भागातल्या ग्रंथावरून क्रियापदे चालवीत होता आणि मी शेवगावात बसून त्याची चालवतो आहे!

पण माझे मन अडकले ते 'त्यू' आणि 'वू'पाशी. 'वू' म्हणजे आपले 'तुम्ही'. अनेकांना म्हणायचे आणि मान द्यायचा असला तर एकालाही म्हणायचे. 1793 च्या ऑक्टोबरात, क्रांतीच्या ऐन धामधुमीत, पॅरिसच्या राष्ट्रसभेपुढे मागणी आली की यापुढे सर्वांनी एकमेकांना 'त्यू'च म्हणावे. 'वू'मध्ये उच्चनीचता आहे. सक्तीचा कायदा झाला नाही, पण सरकारी पत्रव्यवहारातसुद्धा 'त्यू' आले. क्रांतीचा जोर ओसरला आणि 'वू' परत आले. फ्रेंच कॅथलिक तर 1966 पर्यंत प्रार्थनेत देवालाही 'वू' म्हणत. आपण विठ्ठलाला कधीपासूनच 'तू' म्हणतो. आईलाही 'तू'च. माझी नात आजीला 'तू' म्हणते आणि मला 'तुम्ही'. म्हणजे 'तू' हा शब्द काही वाईट नाही. तो कोण कोणाला म्हणतो, त्यावर सारे आहे.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी नवा नवा मास्तर होतो. दसरा झाला होता, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या बेतात होत्या. गावातला एक बागाईतदार शाळेत आला. मी खुर्ची पुढे केली, "या, बसा, चहा घेता ना?" तो गेल्यावर एका विद्यार्थ्याचे वडील आले. माझ्या वडिलांच्या वयाचे, हातात टोपी. पोराला बरोबर न्यायचे म्हणत होते. मी भडकलो. "अरे, पोराचं वाटोळं करतोस काय? एवढं कळत नाही तुला?" पोरगा दाराशी उभा होता. ते दोघे गेले. पोरगा त्या वर्षी परत आला नाही.

माझा हेतू चांगला होता, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. मग एकदा तो मला एसटी स्टँडवर भेटला. केस पिकलेले. वाकून नमस्कार केला, चहा पाजला, मुले शिकल्याचे सांगितले. वडील वारल्याचेही सांगितले. निघताना म्हणाला, "सर, एक बोलू? तुमचं शिकवलेलं काही ध्यानात राह्यलं नाही. तुमी माझ्या बापाला अरेतुरे केलं, तेवढं राह्यलं."

मला काही बोलता आले नाही. तोवर माझी गाडी लागली.

फ्रेंचांनी समतेसाठी सर्वांना 'त्यू'वर आणून पाहिले. आपल्याकडे 'तू' खाली ढकललेल्यांच्या वाट्याला आधीपासूनच भरपूर होते. आपल्याला सर्वांना 'तुम्ही'पर्यंत न्यायचे होते, आणि त्यासाठी राष्ट्रसभेची गरज नव्हती. एका मास्तरालाही ते जमले असते. खुर्ची तिथेच होती.

काल नातीने फोनवर पाठ घेतला. "त्यू पार्ल. आबा, शेवटचा 'स' लिहायचा, म्हणायचा नाही हं." मी लिहिला. मग खालची ओळ लिहिली, 'वू पार्ले', तुम्ही बोलता. ती पुढच्या धड्याकडे निघाली होती. मी तिला थांबवले आणि तीच ओळ आणखी एकदा म्हणायला लावली.