भूल आणि नीलांतील रक्तगुठळी

शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलेचा प्रकार आणि पायांच्या खोल नीलांत रक्त गोठण्याचा धोका यांतील संबंध. रक्तप्रवाह मंदावणे, नीलेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीची तीन कारणे रूडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखली जातात. खुबा वा गुडघा बदलताना तिन्ही एकत्र येतात. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर जीवावर बेतते.

पूर्ण भुलेत पोटरीचे स्नायू शिथिल राहतात आणि पायांतील रक्त साचू लागते. मणक्यातून दिलेल्या भुलेत (स्पायनल, एपिड्युरल) अनुकंपी मज्जातंतू बधिर होऊन रक्तवाहिन्या रुंदावतात व पायांतला प्रवाह वाढतो. शस्त्रक्रियेच्या ताणाने रक्त घट्ट होण्याची प्रतिक्रियाही काहीशी दबते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या 141 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात मणक्यातील भुलेमुळे खोल नीलांतील गुठळ्या 44 टक्क्यांनी कमी आढळल्या. हा आकडा आज जसाच्या तसा धरू नये. त्यांतील अनेक चाचण्या हेपारिनसारखी प्रतिबंधक औषधे सर्रास दिली जाण्यापूर्वीच्या होत्या. औषधे, दाबमोजे आणि लवकर चालवणे यांपुढे भुलेच्या निवडीने पडणारा फरक बराच लहान ठरतो.

उलट बाजूही आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना मणक्यात सुई घातल्यास मज्जारज्जूभोवती रक्त साचून पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून कमी रेणुभाराच्या हेपारिनच्या प्रतिबंधक मात्रेनंतर किमान 12 तास, तर उपचारात्मक मात्रेनंतर 24 तास थांबतात.