नकलेबरहुकूम

मराठी माणसाला इतिहास फार आवडतो, पण इतिहासाचे कागद आवडत नाहीत. त्याला हवा असतो घोडा. घोड्यावर सरदार, सरदाराच्या हाती तलवार, मागे भगवा. त्या घोड्याच्या चंदीचा हिशेब रात्री दिव्याच्या उजेडात लिहून ठेवणारा कारकून मात्र चित्राच्या चौकटीबाहेर कुठेतरी बोरू खाजवीत बसलेला असतो. मी स्वतः बँकेतला कारकून असल्यामुळे माझे लक्ष आधी चौकटीबाहेर जाते. घोडा किती उंच उडाला हे शाहिराने सांगावे. त्याने चंदी किती खाल्ली आणि ती उधारीवर आणली की रोखीने, हे आमच्या माणसाने सांगावे.

अशा कागदांच्या नादी लागलेल्यांपैकी मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. राजवाड्यांचे नाव आपण निदान ऐकलेले असते. वाईला मिळालेली पत्रे घेऊन त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पुढे गावोगाव पायपीट करून बावीस खंडांपर्यंत मजल मारली आणि मध्येच १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळही उभे केले. राजवाडे म्हणजे वादळ. खरेशास्त्री म्हणजे आमच्यासारखे, ठरल्या वेळी कामावर जाणारे. जन्म १८५८ चा, गाव गुहागर, नोकरी मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवण्याची. नाटके लिहिली, कविता केल्या, नाना फडणविसांचे चरित्र लिहिले. एवढ्या भांडवलावर दुसरा कोणीही संध्याकाळी ओट्यावर बसून सुपारी कातरीत राहिला असता.

पण मिरज पडले पटवर्धनांचे गाव. पटवर्धन सरदार माधवराव पेशव्यांच्या काळापासून हैदराशी, टिपूशी, निजामाशी लढत होते, आणि लढता लढता घरी पत्रे लिहीत होते. काय लिहीत होते? तोफा, वेढे, तह हे आहेच. पण त्याबरोबर पैसा नाही, शिबंदीचा पगार थकला आहे, सावकार दारात बसला आहे, दाणावैरण महाग झाली आहे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांचा जय झाला एवढेच आम्हांला शाळेत कळले. जय झाला तरी देणी राहतातच, हे कळायला दप्तर उघडावे लागते. शास्त्रीबुवांनी ते उघडले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने भागामागून भाग छापीत राहिले, ते १९२४ साली वारेपर्यंत. मुलांना दिवसा रामः रामौ रामाः, बाकीचा वेळ गोविंदराव, गोपाळराव आणि परशुरामभाऊ.

हे काम म्हणजे बसून नक्कल करणे, एवढेच ना, असे आमचे एक साहेब म्हणाले. 'नक्कल' हा शब्द आपण उगाच बदनाम केला आहे. परीक्षेत केली तर गुन्हा, गॅदरिंगमध्ये केली तर टाळ्या, आणि इतिहासात केली तर कारकुनी! साहेबांनी एकदा मोडी कागद समोर धरून बघावा. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे वाळत घातल्यासारखी लटकवत सुटायचे. बोरू शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तिथे अक्षर चुकले तर काय होते, हे 'ध चा मा' या तीन शब्दांत मराठी घरांतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. (नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जोडलेला तो मूळ कागद मात्र आजवर कोणी दाखवलेला नाही. सबंध मराठी इतिहासातली सगळ्यांत प्रसिद्ध खाडाखोड, आणि व्हाउचर गहाळ!)

त्यातून तारखा. आमच्याकडे तारीख नसलेला चेक आला की आम्ही तो गोड हसून परत करतो. शास्त्रीबुवांनी परत कोणाला करायचा? लिहिणारा जाऊन शंभर वर्षे झालेली. पत्रावर असायचे 'छ' म्हणजे चंद्र, पुढे आकडा, पुढे रमजान किंवा जिल्काद. वर्षाचा बऱ्याचदा पत्ताच नाही. ज्याला लिहिले त्याला चालू साल माहीत होते, मग कशाला शाई खर्च करा? वर्ष दिलेच तर ते अरबी शब्दांत आणि उलटे : 'खमस तिसैन मया व अलफ', म्हणजे पाच, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९५. हे शुहूर सन, मृग नक्षत्रावर बदलणारे. त्यात पावसाळा ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. खर्ड्याची लढाई ११ मार्चची, म्हणून ६०० मिळवा आणि १७९५ घ्या. एकं आधी, दशं मग, ही रीत वाणिज्य शाखेच्या पदवीधराला लगेच पटते. आम्हीही बेरीज उजवीकडूनच करतो. पण जिथे साल नाही तिथे कोण जिवंत आहे, लष्कर कुठे आहे, त्या चंद्राला कोणता वार पडतो, असे धागे जुळवून पत्र आपल्या जागी बसवावे लागते. एक पत्र एक वर्ष पुढे सरकले तर मेलेला माणूस तहाच्या वाटाघाटीला हजर!

आणि कागदाने हिशेबाची भाषा वापरली म्हणजे तो हिशेबच असतो असेही नाही. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेले सावकारी पत्र ग्रँट डफने दिले आहे. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि चांदी-तांब्याची मोजदादच नाही, असा त्यातला तोटा. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मराठेशाहीवरच्या एवढ्या मोठ्या आघाताची बातमी पेशव्यांना पोचली ती पेढीच्या पत्रातून. आमच्या धंद्याबद्दल मला कधी नव्हे तो अभिमान वाटतो, आणि लगेच पोटात कालवते. चांदी-तांबे म्हणजे ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत ती माणसे.

ती नावे कुठे सापडलीच तर अशाच रुमालांत सापडतील. पुण्याच्या पेशवे दप्तरातून सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भाग निवडून काढले, तरी तो ढिगातला ओंजळभर माल. बाकीचे वाचणार कोण? शाळेतून गेली आणि मोडी मोडीत निघाली. वाड्यावाड्यांतून वाळवीने वाचले ते कागद रद्दीवाल्याने तोलून नेले. रद्दीवाला साल विचारत नाही.

आमच्या बँकेतले एक निवृत्त हेडक्लार्क मात्र साठीनंतर मोडीच्या वर्गाला जाऊ लागले. त्यांच्या चुलत्यांच्या देव्हाऱ्यात एक जुना कागद आहे. छत्रपतींची सनद म्हणून चार पिढ्या दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहतात. यंदा यांनी चष्मा पुसून तो ओळीने वाचला. कर्जरोखा निघाला. मुद्दल, व्याजाचा दर, दोन साक्षीदार, सगळे चोख. यांनी सवयीने कागद उलटून पाहिला. मागे फेडीचा शेरा नाही. चुलत्यांनी दबक्या आवाजात विचारले, "घेणारे आपण की देणारे?"

"देणारे नाही, काका," हे म्हणाले, "बुडवणारे."

हळदकुंकू अजून चालू आहे. फक्त घरी कोणी बँकवाला आला की तो कागद आतल्या खोलीत नेऊन ठेवतात.