एक समुद्र, दोन काचा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राच्या काठी, सेत नावाचे बंदर आहे. १८५७ साली गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने तेथे समुद्राची काही चित्रे घेतली. त्यांतले एक 'मोठी लाट' या नावाने ओळखले जाते. खाली किनाऱ्याकडे येणारी लाट, वर ढगांनी भरलेले आकाश, आणि दोन्ही तितकीच स्पष्ट. आज यात नवल वाटत नाही. त्या वेळी मात्र असे चित्र कॅमेऱ्यातून एका दमात मिळतच नसे. ल ग्रेनेही ते एका दमात घेतले नव्हते. समुद्र एका काचेवर टिपला होता, ढग दुसऱ्या काचेवर, आणि दोन्हींची छपाई एकाच कागदावर क्षितिजाच्या रेषेत जुळवली होती.

चित्रात असा 'हात मारणे' म्हणजे लबाडी, असे आपण चटकन म्हणतो. पण निकाल देण्याआधी त्या काचेचे रसायन समजून घ्यायला हवे.

तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळण्याच्या आत, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, सगळे उरकून ती धुवायची. त्यासाठी किनाऱ्यावरच अंधाराचा तंबू लागे. हा सगळा खटाटोप करूनही काचेत एक मोठी खोड राही. थरातल्या चांदीच्या क्षारांवर परिणाम होई तो मुख्यतः निळ्या, जांभळ्या आणि अतिनील किरणांचा. हिरव्या रंगाचा परिणाम फारच थोडा, तांबड्याचा जवळजवळ नाहीच. आपल्या डोळ्याला निळे आकाश आणि पांढरा ढग वेगळे दिसतात, कारण ढगाकडून सगळ्याच रंगांचा प्रकाश येतो. पण फक्त निळेच पाहणाऱ्या काचेला त्या दोघांत फरक काय करता येणार? निळा प्रकाश दोन्हींकडून भरपूर येतो. निगेटिव्हवर सगळे आकाश सारखेच काळे होई आणि कागदावर कोरे पांढरे उमटे.

याला आणखी एक अडचण जोडून येई, आणि तिचा रंगाशी संबंध नाही. आकाश फार तेजस्वी असते, खडक आणि किनारा त्या मानाने अंधारे. खडकांसाठी झाकण जास्त वेळ उघडे ठेवावे तर आकाश जळून जाते. आकाशासाठी लवकर मिटावे तर खडकांच्या जागी नुसता काळा डाग उरतो. या दोन अडचणी वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवायला हवे. पुढे पहिली सुटली तरी दुसरी शिल्लक राहिली.

यावर त्या काळी अनेकांनी अनेक तोडगे काढले. सर्वांत सोपा म्हणजे आकाश पांढरेच ठेवणे. त्यात डाग दिसू नयेत म्हणून काही जण निगेटिव्हवरचा आकाशाचा भाग अपारदर्शक रंगाने रंगवून टाकत. दुसरा तोडगा कुंचल्याचा. याचे उदाहरण आपल्याकडचेही आहे. मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून १८५६ साली नेमलेला लिनियस ट्राइप हा लष्करी अधिकारी कागदी निगेटिव्हवर हाताने ढग काढी. ते इतक्या बेताने काढलेले असत की न सांगता कळत नाहीत. तिसरा तोडगा दोन काचांचा. ही कल्पना ल ग्रेच्याही आधी चर्चेत होती, पण समुद्रावर ती सर्वांत चांगली वापरली ती त्याने.

समुद्रावरच का, याचे उत्तर आम्हाला फार उद्बोधक वाटते. त्या काळी मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. निगेटिव्ह अंड्यातील पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायचे. चित्र जेवढी काच तेवढेच, ल ग्रेच्या बाबतीत सुमारे ३० बाय ४० सेंटिमीटर. जोडचित्रासाठी आधी समुद्राची काच ठेवून आकाशाचा भाग झाकायचा आणि समुद्र छापायचा. मग छापलेला समुद्र झाकून वरच्या भागावर ढगांची काच ठेवायची. दोन्ही जेथे भेटतात तेथे सांधा उरतो. झाडे, घरे, डोंगर यांच्या कडेने असा सांधा लपवणे महाकठीण. समुद्रात मात्र क्षितिज ही निसर्गानेच आखून दिलेली सरळ रेषा असते. किनाऱ्याच्या चित्रांत हे तंत्र इतके फुलले त्याचे श्रेय कलेइतकेच भूमितीलाही द्यायला हवे.

पण ल ग्रेने एक गोष्ट अशीही केली, जिचा बचाव रसायनाने होत नाही. ढगांची एकच काच त्याने एकापेक्षा जास्त समुद्रांवर वापरली. दोन छापे शेजारी ठेवले तर वेगवेगळ्या पाण्यावर तेच ढग दिसतात. येथे काचेची उणीव भरून काढणे संपते आणि चित्र रचणे सुरू होते. हवामानाचा पुरावा म्हणून अशा चित्राचा उपयोग शून्य.

आता याच्या उलट एक उदाहरण पाहा. त्याच्या आदल्या वर्षी, १८५६ मध्ये, ल ग्रेने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर 'पाण्यावरील जहाज' हे चित्र घेतले. त्यात जोड नाही. कॅमेरा सूर्याच्या दिशेने रोखलेला, पाणी चमकणारे. त्यामुळे आकाश आणि समुद्र यांच्या तेजातला फरक कमी झाला आणि एकाच काचेवर दोन्ही आले. छापा गडद काढला होता. परिणाम असा, की अनेकांना ते चांदण्यातले चित्र वाटले. प्रत्यक्षात ते भर दिवसाचे! ज्याला हात लावला नाही ते चित्र दिवसाची रात्र करते, आणि दोन तुकड्यांचे चित्र डोळ्याला किनाऱ्यावर जसे दिसते त्याच्या अधिक जवळ जाते. खरे-खोटे ठरवण्याची आपली नेहमीची फूटपट्टी येथे तोकडी पडते.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर पुढे चांगलीच जुंपली. हेन्री पीच रॉबिन्सनने १८६९ साली छायाचित्रणातील चित्रपरिणामावर पुस्तक लिहून अनेक निगेटिव्ह जोडण्याची रीत शिकवली, आणि ते पुस्तक पुढे अनेक वर्षे वापरात राहिले. त्याच्यावर तुटून पडला पीटर हेन्री एमर्सन. हा शिक्षणाने डॉक्टर, आणि चित्रे घेई ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या नॉरफोकमधील दलदलींची, कोळ्यांची, होड्यांची. १८८९ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने आग्रह धरला, की चित्र निसर्गातून सरळ घ्यावे, तुकडे जोडून किंवा रंगवून बनवू नये. त्याची स्वतःची चित्रे मंद, करड्या आकाशाची आहेत. आमच्या मते त्याचे तत्त्व त्याला पेलले याला तिथली हवाही कारणीभूत आहे. धुक्यात आकाश आणि पाणी यांच्या तेजात फारसे अंतर उरत नाही, मग दुसरी काच हवी कशाला? भूमध्य समुद्राच्या उन्हात उभे राहून हाच आग्रह धरणे जड गेले असते.

गंमत म्हणजे एमर्सनला मागे हटवले ते रॉबिन्सनने नव्हे. रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या फर्डिनांड हर्टर आणि व्हिरो ड्रिफील्ड या दोघांनी १८९० साली मोजमापे प्रसिद्ध केली. काचेवर किती प्रकाश पडला तर ती किती काळी होते, याचा त्यांनी आलेख मांडला, आणि निगेटिव्ह धुताना उजेड-सावलीचे प्रमाण हवे तसे बदलता येत नाही असे दाखवले. छायाचित्रकाराच्या हाती समजले होते तितके स्वातंत्र्य नाही, असा अर्थ एमर्सनने घेतला आणि छायाचित्रण ही कला असल्याचा आपला दावा त्याने जाहीरपणे मागे घेतला. एका आलेखाने कलेतले मत फिरवल्याची उदाहरणे फार नसतील.

काचेचे रंगांधळेपण दूर करण्याची किल्ली तोवर सापडली होती. बर्लिनच्या हेर्मान फोगेलने १८७३ साली दाखवले, की थरात योग्य रंगद्रव्य मिसळले तर ते हिरवा प्रकाश शोषते आणि चांदीचा क्षार त्यालाही दाद देऊ लागतो. १९०६ पासून तांबड्यासह सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा बाजारात मिळू लागल्या. भिंगापुढे पिवळी काच धरली की निळे आकाश गडद होऊन ढग उठून दिसत. मग तांबडी काच आली आणि भर दुपारचे आकाश जवळजवळ काळे दाखवण्याची हौस सुरू झाली! काळेही चूक, पांढरेही चूक; पण काळ्याला कोणी लबाडी म्हटले नाही.

तेजातल्या फरकाची दुसरी अडचण आजही आहे. हल्लीचे मोबाइल फोन तिच्यावर तोडगा काढतात तो ल ग्रेच्या जातीचाच. एका दाबात कमी-जास्त प्रकाशाच्या अनेक प्रती घेऊन त्यांतले नीट उमटलेले भाग ते आपोआप जोडतात. फरक एवढाच, की त्या प्रती एकाच जागेच्या आणि जवळजवळ एकाच क्षणाच्या असतात. दुसरीकडे फोटोशॉपमध्ये २०२० सालापासून आकाश बदलण्याची तयार सोय आहे. दुसऱ्याच दिवसाचे, दुसऱ्याच गावाचे ढग आपल्या समुद्रावर बसवता येतात. ल ग्रे या दोन्हींचा पूर्वज आहे.

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. मुलांना निळ्या जिलेटिन कागदातून ढगाळ आकाश आणि तांबडी फुले पाहू द्या. ढग आकाशात मिसळू लागतात आणि फुले काळपट होतात. कलोडियनची काच पाहत होती ते साधारण असे. मग कॅलेंडरांवरची किनाऱ्याची पाच-सहा चित्रे मांडा. लाटेची चमक ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ढगांची कड उजळलेली आहे का? खडकाची सावली सूर्याच्या उलट पडते का? सूर्य समुद्रात बुडताना दाखवला असेल आणि चित्राखाली पूर्व किनाऱ्यावरच्या पुरीचे किंवा चेन्नईचे नाव असेल तर काय समजायचे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोकणातली मुले सर्वांत आधी देतात, कारण त्यांचा सूर्य रोज समुद्रातच मावळतो.